समेवरची दोन बोटं

माझे मेहुणे गंगाधरराव यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटायचं, केवढा दर्दी माणूस! दर्दी कसला, लोणावळ्याच्या रेल्वे पार्सल ऑफिसात उभी हयात गेली त्यांची. खोक्यांवर नंबर घालायचे, पावत्या फाडायच्या, घरी येऊन हातपाय धुवायचे आणि बायको नेईल तिकडे जायचं. बायको म्हणजे नीरजा, माझी धाकटी बहीण. गाणं तिचं. तळेगावला आमच्या माहेरी ती शिकली, पुढे चार पोरींना शिकवलंन. मी हिरा, थोरली. शाळेत गणित शिकवलं, आणि जिभेला हाड नाही म्हणून अख्ख्या तळेगावात प्रसिद्ध आहे.

लोणावळ्याला वलवणच्या तळ्याकाठी दर जानेवारीत गाण्याचा उत्सव भरतो. मांडव घालतात, बाजूनं कनाती, खाली सतरंज्या. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांना, बाकी सगळे मांडी घालून. तिथली रीत अशी, की आधी येऊन आपली शाल पसरायची, म्हणजे ती जागा धरली. मग खुशाल चहाला जा, तळ्यावर फिरून या, कुणी तिला हात लावत नाही. नीरजा नेहमी दोन जागा धरायची, खांबाजवळ.

लग्नानंतरच्या पहिल्याच उत्सवात गंगाधररावांनी तिची लाज काढली. गाणारा आणि तबलजी आपापल्या वाटेनं हिंडून ज्या ठोक्यावर येऊन एकत्र टेकतात, ती सम. दाद द्यायची ती तिथं. आमचे जावईबापू भलत्याच ठिकाणी "वा!" म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडले, की गाणारे बुवा गाता गाता थबकले. लोक हसले. नीरजा घरी येऊन रडली असेल असं वाटलं मला. छे! तिनं युक्ती काढली. शेजारी बसायचं आणि सम आली की हळूच त्यांच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवायची. बोटं टेकली की ह्यांनी "वा!" म्हणायचं. दोघांचा संसार असाच झाला बघा. ती सांगणार, हे "वा!" म्हणणार.

तीन वर्षांपूर्वी नीरजा गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. त्या वर्षी हे काही उत्सवाला जायचे नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. गेले. दोन जागा धरल्या, एकीवर स्वतः बसले, दुसरीवर नीरजाची मोतिया शाल. त्यांच्या मागं कैलास बसतो, लोणावळ्याच्या बाजारात त्याचं औषधाचं दुकान आहे. तो मला म्हणाला, "बाई, काकांचा ताल आता एकदम पक्का झालाय हं. एकही सम चुकली नाही."

मी फोन करून विचारलं, "काय हो, शिकवणी लावलीत का?"

"नाही हो, हिराताई. नीरजा सांगते."

"कशी सांगते?"

"पूर्वीसारखीच."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि काटा आला की मला राग येतो. म्हटलं, "डोकं फिरलंय तुमचं." ते शांतपणे "असेल" म्हणाले.

असेल तर असू दे, एवढ्यावर सोडलं असतं मी. पण गेल्या पावसाळ्यात हे न्हाणीघरात पडले, ते दूधवाल्यानं दार वाजवेपर्यंत तिथंच. मग एकदा गॅस तसाच चालू ठेवून तळ्यावर फिरायला गेले. त्यांचा मुलगा शार्दूल बंगळूरला असतो. गुणी पोर. म्हणाला, "मोठी मावशी, बाबांना इथं आण. माझं ऐकत नाहीत. एखाद्या दिवशी भलतंच ऐकायला मिळेल गं." म्हणजे जबाबदारी माझ्या गळ्यात.

गेले मी लोणावळ्याला. दोन दिवस डोकेफोड केली. शेवटी गंगाधरराव म्हणाले, "एक करू. या उत्सवात नीरजा आली, तर मी इथून हलणार नाही. नाही आली, तर शार्दूलकडे जातो. कायमचा."

"शब्द?"

"शब्द."

मी मनात म्हटलं, जिंकले! मेलेलं माणूस यायचं कुठून? शार्दूलला लगेच कळवलं की खोली तयार ठेव.

रविवारी सकाळचं सत्र होतं. धुकं असं, की तळं आहे हे नुसतं ऐकून माहीत. कनातीतल्या दिव्यांभोवतीसुद्धा धुकं. सतरंज्या घालणारा भिमाजी, वलवणचाच, खांबाजवळ उकिडवा बसून हातानं काहीतरी चाचपत होता. मला म्हणाला, "मावशी, हितं हात लावून बगा की. समदी सतरंजी दवानं वली झालीया. ह्येवडी जागाच कोरडी. काल सकाळीबी आसंच हुतं."

एका माणसाची बैठक मावेल एवढी जागा. मी हात लावला. कोरडी होती.

"वर मांडव असेल नीट," मी म्हटलं.

"मांडव तर समदीकडंच हाय, मावशी."

"बरं बरं, तुझं काम कर." माझा आवाज उगाच चढला.

त्याच जागेवर गंगाधररावांनी शाल पसरली. पलीकडे ते बसले, अलीकडे मी, आणि मधे शाल. आजूबाजूला खच्चून गर्दी, पण तिकडे कुणाचा पाय म्हणून पडत नव्हता.

गाणं सुरू झालं. गाणारी बाई चांगली असावी, लोक डोळे मिटून होते. मला तबला सुरू झाला की हिशेब लागत नाही, अगदी लहानपणापासून. मी गंगाधररावांकडे बघत बसले. ते ताठ बसलेले, नजर खाली गुडघ्यावर. लोक "वा!" म्हणाले. हे गप्प. पुन्हा लोक म्हणाले, पुन्हा हे गप्प. तिसऱ्या वेळी त्यांना धीर धरवेना, घाईघाईनं "वा!" म्हणून बसले आणि चुकले. पुढच्या दोन बायकांनी वळून बघितलं.

माझ्याकडे बघून ते हलक्या आवाजात म्हणाले, "हिराताई, नाही आली."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांचं तोंड बघवेना मला. झालं की माझ्या मनासारखं! आता बॅग भरायची, की सुटलो. आणि मला मेलीला रडू फुटायला लागलं. पदर तोंडाशी धरला.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर दोन बोटं टेकली.

त्याच क्षणाला सगळा मांडव "वा!" म्हणाला. मी खाली बघितलं. माझं लुगडं, माझा गुडघा, शेजारी शाल. दुसरं काही नाही. वाटलं, वात आला असेल. थोड्या वेळानं पुन्हा. आधी बोटं, लगेच लोकांचं "वा!". गार नव्हती हो. साधी, ऊबदार, पेटी वाजवणाऱ्या बाईची बोटं. ती बोटं मी लहानपणी हातात धरून शाळेत नेलीत, मला ओळखायला येणार नाहीत? माझी बोबडी वळली.

गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं मला. मी हूं की चूं केलं नसतं, तर त्यांची अट पुरी झाली नसती आणि म्हातारा सुखरूप मुलाकडे गेला असता. पण त्यांचं माणूस आलंय, ते माझ्या गुडघ्याशी बसलंय, आणि हे तिकडे पोरके होऊन बसलेत. मला नाही जमलं. मी शालीवरून हात लांब केला, त्यांच्या गुडघ्याजवळ नेला. माझ्या गुडघ्यावर बोटं टेकली तशी मी माझी दोन बोटं त्यांच्या गुडघ्यावर टेकवली.

"वा!" गंगाधरराव म्हणाले. बरोब्बर सगळ्यांच्या बरोबर. चेहरा असा उजळला की काय सांगू. पुन्हा टेकवली. पुन्हा "वा!". मागून कैलासही खूश होऊन हसला. असं किती वेळ चाललं देव जाणे. मग त्यांनी डोळे उघडले, आणि त्यांना माझा हात दिसला.

मध्यंतरात चहाचे कप घेऊन आम्ही काठाशी उभे राहिलो. ते म्हणाले, "हिराताई, तुम्हाला सम कधीपासून कळायला लागली?"

"डोंबल कळतेय."

"मग?"

खोटं मला बोलता येत नाही. म्हटलं, "माझ्या गुडघ्यावर येतेय. मी नुसतं तुमच्यापर्यंत पोचवलं."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, दुखावले. मी घाईघाईनं म्हटलं, "अहो, पण आली ना! तुमची अट पुरी झाली. राहा इथं. शार्दूलला मी बघते."

"नको," ते म्हणाले. "मी जातो त्याच्याकडे."

"आता का? चांगली आली की!"

"मला जायचंच होतं, हिराताई. नातवंडांत राहायला कुणाला नको असतं? पण ती इथं येते हो. एवढ्या गर्दीत येते आणि मीच नसलो, तर ती कुणाशेजारी बसायची? तेवढ्यासाठी राहिलो होतो." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "आज तुमच्याशेजारी बसली. आता काळजी नाही. तुम्ही येत जा दर वर्षी."

दुसऱ्या सत्राला ते थांबले नाहीत. शार्दूलला फोन करतो म्हणून तसेच घरी गेले, पाठ अगदी सरळ करून चालत. मी आत येऊन शालीशेजारी बसले. खरं सांगते, भीती पार गेली होती माझी. उलट कधी एकदा तबला सुरू होतो असं झालं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा मला बहीण भेटली होती. किती बोलायचं होतं तिच्याशी.

गाणं सुरू झालं. लोक "वा!" म्हणाले. माझा गुडघा रिकामा. म्हटलं, पुढच्या वेळी. पुढच्या वेळीही नाही. मी शालीकडे सरकून बसले. "नीरजे," असं चक्क मोठ्यानं म्हटलं, तर मागच्यांनी गप्प केलं मला. शेवटपर्यंत लोक "वा!" म्हणत राहिले आणि मी आपली गुडघ्याकडे बघत. तेव्हा कळलं. ती माझ्यासाठी आलीच नव्हती. नवऱ्याला मोकळं करायचं होतं तिला, तेवढं करून गेली. शाल उचलली, तर खालची सतरंजी हाताला ओली लागली.

घरी गंगाधररावांनी दार उघडलं. हातात अर्धी भरलेली बॅग, तोंडभर हसू. "काय हो, नंतरही होती ना ती?"

"होती की," मी म्हटलं. "शेवटपर्यंत होती."