क्षमा कोणी करायची

संजीवनी साळवेच्या हातात सत्तूर असताना तिच्याशी हुज्जत घालू नये, हे मेहकर-डोणगाव रस्त्यावरच्या आमच्या फाट्यावर शेंबड्या पोरालाही कळतं. तिचं कोंबडीचं दुकान. एका घावात मुंडकं वेगळं, दुसऱ्या घावात पाय, आणि बोलणंही त्याच पद्धतीचं. बाई दांडगी, आवाज तिच्याहून दांडगा.

नवरा दारू पिऊन मारायचा. काही वर्षं तिनं मार खाल्ला. मग एका संध्याकाळी त्याच्या हातातली काठी हिसकावून तिनं त्याचंच मनगट मोडलं, आणि स्वतःच त्याला एसटीत बसवून मेहकरला प्लास्टर घालायला नेलं. तिकीटही तिनंच काढलं. तो पुढं काविळीनं गेला, पण तोवर त्यानं पुन्हा हात उचलला नाही.

आमची मंडळी लहान. पत्र्याचं चर्च आणि बोटांवर मोजावीत इतकी ख्रिस्ती घरं. संजीवनी रविवारी पोरांना दहा आज्ञा शिकवायची आणि चुकणाऱ्याचा कान असा पिळायची की पोराला पुढच्या रविवारपर्यंत आज्ञा आठवावी. पण नुसतं पाठ करून घेणाऱ्यांतली ती नव्हे. रस्त्यावर अपघात झाला की लोक मोबाईल काढतात, ही चादर काढते. पोलिसांना पंच लागला की सगळा फाटा गायब होतो, ही हात पुसत उभी राहते. मतदानाला आमच्या बूथवर रांगेत पहिली कोण, हे विचारायचं कारणच नाही. 'तुले काय पडलंय' हे वाक्य तिच्यासमोर उच्चारायची सोय नाही.

तिच्या त्या वर्गातलं सगळ्यात हुशार पोरगं म्हणजे नारायणरावांचा प्रज्वल. नारायणराव आमच्या मंडळीचे वडीलजन, म्हणजे पाळकाच्या खालोखाल मान त्यांचा. नाव नारायणराव असलं तरी तीन पिढ्यांचे ख्रिस्ती; आमच्याकडं बाप्तिस्मा झाला म्हणून नाव बदलायची घाई फारशी कुणी केली नाही. प्रज्वल संजीवनीला मावशी म्हणायचा. आईविना वाढलेलं पोर, अर्धं बालपण तिच्या दुकानाच्या पायरीवर गेलं.

ते सगळं घडलं त्या दिवशी मी अकोल्याला होतो. पुढचं सांगतो ते तिच्या तोंडून आणि नंतर कोर्टात ऐकलेलं.

त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोबाईलमध्ये पोरं पळवणारी टोळी शिरली होती. कुठला कोण जाणे व्हिडिओ, कुठलं कोण जाणे गाव, पण आमच्या फाट्यावरची शहाणी माणसंही अनोळखी माणसाकडं डोळे वटारून बघायला लागली होती. अमडापूरचा खुर्शीद मोटारसायकलवर चादरींचं गाठोडं बांधून गावोगाव विकायचा. या बाजूला तो पहिल्यांदाच आलेला. भर दुपारी चहा प्यायला थांबला.

प्रज्वलकडं त्या दुपारी भाची सांभाळायला होती. त्याची बहीण काजल, तिची छकुली. तीन वर्षांची असेल. प्रज्वल पानटपरीवर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला आणि पोरगी कुत्र्याच्या पिलामागं रस्त्यावर गेली. समोरून कांद्याचा ट्रक भरधाव येत होता. खुर्शीदनं हातातला चहाचा कप टाकला, धावला, पोरीला छातीशी धरून पलीकडच्या कडेला लोळण घेतली. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. थांबला नाही. हे संजीवनीनं दुकानातून धडधडीत पाहिलं. बाकीच्यांनी हॉर्न ऐकून मान वळवली तेव्हा त्यांना काय दिसलं? एक दाढीवाला परका माणूस आणि त्याच्या कवेत किंचाळणारी आपल्या गावची पोरगी.

कोण पहिलं ओरडलं ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. पहिली लाथ त्याच्या पोटात बसली. पोरगी कुणीतरी ओढून घेतली, आणि मग तो खाली पडला तो पडलाच. चपला, विटा, पट्टे. रोज एकमेकांना राम राम, जय येशू म्हणणारी माणसं एका माणसाच्या तोंडावर टाचा देत होती. त्याचे दात रस्त्यावर सांडले. तो हात जोडून 'बच्ची, ट्रक, बच्ची' एवढंच म्हणत होता आणि 'बच्ची' ऐकून लोकांना आणखी चेव येत होता. प्रज्वल टायरवाल्याच्या दुकानातून चाकाची लोखंडी टॉमी घेऊन आला. भाची आपल्या नजरेआड गेली याची भीती आणि राग, दोन्ही त्याच्या अंगात होतं. त्यानं टॉमी दोन्ही हातांनी वर नेली आणि खुर्शीदच्या डोक्यात घातली. मग आणखी एकदा.

संजीवनी सत्तूर घेऊन धावत सुटली. वाटेत एकाला खांद्यानं पाडलं, दुसऱ्याच्या कानाजवळून पातं फिरवलं. खुर्शीदच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाय रोवून ती उभी राहिली.

"आता या पुढं," ती म्हणाली. "ज्याचा हात पहिला येईन, त्याचा तोडीन."

गर्दी मागं सरली. आमच्या लोकांचं शौर्य तेवढंच, खाली पडलेल्या माणसापुरतं.

तिनं त्याला एका ऑटोत घातलं. ऑटोवाला नको म्हणत होता. तिनं सत्तूर त्याच्या सीटवर ठेवला, तेव्हा निघाला. मेहकर यायच्या आत खुर्शीदनं तिच्या मांडीवर प्राण सोडला. शेवटी त्याला बोलता येत नव्हतं, पण ओठ हलले. ती वाकली. "बच्ची?" तो विचारत होता. "ठीक हाय भाऊ," ती म्हणाली, "तुमच्यामुळं ठीक हाय." त्यानं ते ऐकलं की नाही, ते तिला आजही ठाऊक नाही. ते सांगताना तिचा आवाज बारीक होतो, आणि तिचा बारीक आवाज ऐकणं मला सोसत नाही.

रक्तानं भरलेल्या लुगड्यानिशीच ती ठाण्यात गेली आणि पाच नावं सांगितली. पहिलं प्रज्वलचं. फाट्यावरच्या बाकी सगळ्यांनी पोलिसांना सांगितलं की आम्ही काही पाहिलं नाही. भर दुपारी, भर चौकात, अख्खं गाव आंधळं.

त्याच संध्याकाळी ती नारायणरावांच्या अंगणात गेली. पोराला पोलीस घेऊन गेले होते. "तुमची नात जिती हाय थे त्या मानसामुळं," तिनं सांगितलं. "ट्रक अंगावरून गेला असता. मी पाह्यलं." नारायणराव आत गेले आणि दार लावून घेतलं.

प्रज्वल काही महिन्यांनी जामिनावर सुटला. साक्षीदाराशी बोलायचं नाही अशी कोर्टाची अट. बापानं त्याला सांगितलं की ट्रकबिक पोलिसांनी रचलंय, संजीवनी आत कोंबड्या कापत होती, तिनं काही पाहिलंच नाही. पोरानं ते धरून ठेवलं. आपण गुन्हा केला, पण चोरालाच मारलं, एवढ्या आधारावर तो जेवत-झोपत होता.

आणि तिकडं अमडापूरला खुर्शीदच्या दोन पोरांना शाळेत 'पोरं चोरनाऱ्याची पोरं' म्हणायला लागले. मोठ्या पोरानं शाळा सोडली. त्यांची आई मुबीना एक दिवस बसनं संजीवनीकडं आली. दुकानाच्या पायरीवर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मावशी, कोनाले फाशी व्हावी म्हनून मी नाही आली," मुबीना म्हणाली. "माझ्या पोरांचा बाप चोर नव्हता. एवढं कोर्टात कोनी तरी म्हनलं पाहिजे. तुमच्याबिगर कोनीच नाही."

संजीवनीनं शब्द दिला. तिथून तिचे हाल सुरू झाले.

खटला उभा राहायच्या आधी मंडळीची बैठक बसली. पाळकसाहेब गोड बोलणारे. ते म्हणाले, "बाई, आपण ख्रिस्ती आहोत. आपला धर्म क्षमेचा. एका तरुणाचं आयुष्य आहे, लहानशी मंडळी आहे, फूट पडेल. तुम्ही क्षमा करा आणि हे प्रकरण प्रभूवर सोपवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमेनही म्हटलं. मला त्या आमेनची आजही चीड येते.

संजीवनी उठली. "पाळकसाहेब, मले टॉमी बसली काय? माझा नवरा मेला काय? मार खाल्ला एकानं, रांडपन आलं एकीले, अन् क्षमा मी करू? दुसऱ्याच्या घरातलं उचलून मी कसं दान देऊ?" मग नारायणरावांकडं वळून म्हणाली, "तुमच्या पोराले मी नववी आज्ञा शिकवली. खोट्या साक्षीची. पाह्यलेलं गिळून बसनं थेही खोटंच हाय. अन् सरकार बोलावते त जानं हे बी प्रभूचंच काम हाय, थे काही चर्चच्या भाईर पडत नाही."

नारायणराव म्हणाले, "मग या चर्चमध्ये तुमचं काम नाही."

पोरांचा वर्ग तिच्याकडून काढून घेतला. बायांनी बोलणं टाकलं. समन्स आल्याची बातमी फुटली, आणि त्याच आठवड्यात दिवेलागणीला तीन जण तोंडाला रुमाल बांधून दुकानात शिरले. आधी खुराडी फोडली. कोंबड्या एकेक धरून माना पिरगाळल्या आणि तिच्या अंगावर फेकल्या. मग दोघांनी तिला धरलं, तिचा डावा हात तिच्याच कोंबडी कापायच्या ओंडक्यावर ठेवला, आणि तिसऱ्यानं तराजूचं लोखंडी वजन घेऊन बोटांवर मारलं. हाडं फुटल्याचा आवाज शेजारच्या पिठाच्या गिरणीत ऐकू गेला. गिरणीवाल्यानं गिरणी सुरू केली.

तिचा उजवा हात सुटला तसा तिनं बाजूचा सत्तूर उचलला. मारणारा अगदी समोर होता. त्याची मान तिला दिसत होती. "रोज जे करते तेच करायचं होतं," ती मला म्हणाली. "हात वर गेल्ता. मंग म्हनलं, मी याले कापलं त कोर्टात मुबीनाचं कोन बोलीन?" सत्तूर तिनं ओंडक्यात रोवला. ते पळाले. तिनं ठाण्यात जाऊन तीही तक्रार लिहून दिली. डाव्या हाताची तीन बोटं आता वळत नाहीत.

साक्षीच्या दिवशी बुलढाण्याला मी तिच्यासोबत गेलो. पाच आरोपी मागं उभे, नारायणराव बाकावर, मुबीना दाराजवळ. संजीवनीनं शपथ घेतली आणि सगळं सांगितलं: कुत्र्याचं पिलू, कांद्याचा ट्रक, टाकलेला कप, छातीशी धरलेली पोरगी. मग लाथा, विटा, टॉमी. नावं घेताना तिनं प्रत्येकाकडं बोट केलं, तेही त्याच मोडक्या हातानं.

आरोपीचे वकील उठले. "तुम्ही ख्रिस्ती ना? तुमच्याकडं शत्रूलाही क्षमा करतात. मग आरोपी प्रज्वलशी तुमचं एवढं काय वैर आहे?"

"वैर?" ती म्हणाली. "साहेब, त्याच्या आईच्या मातीले मी त्याले कडेवर घेऊन गेल्ती. माझ्या हातचं खाऊन वाढला थो. मले त्याचा राग नाही. पन माया हाय म्हनून मेलेल्या मानसाले चोर म्हनू काय?"

तेवढ्यात मागून प्रज्वल बोलला. त्याला बोलायची मुभा नव्हती. "मावशी, ट्रक खरंच होता?"

न्यायाधीशांनी त्याला गप्प बसायला सांगितलं. पण संजीवनी मागं वळली होती. जिनं आज्ञा शिकवताना त्याचे कान पिळले, तिनं कधी आपल्याशी खोटं बोलल्याचं त्याला आठवत नसणार.

"होता, बेटा," ती म्हणाली. "छकुली मेली असती. त्यानं वाचवलं. तुझ्या बाबाले मी त्याच दिवशी सांगतलं."

प्रज्वलनं बापाकडं पाहिलं. नारायणरावांनी मान खाली घातली, आणि त्या खाली गेलेल्या मानेत पोराला उत्तर मिळालं. तो कठड्याला धरून खाली बसला आणि गुरासारखा हंबरला. दोन शिपायांनी त्याला बाहेर नेलं.

पुढं आरोपींचं म्हणणं विचारलं तेव्हा बाकी चौघांनी वकिलानं पढवलेलं सांगितलं. प्रज्वल म्हणाला, "मारलं. मीच मारलं. त्या मानसानं माझी भाची वाचवली होती, अन् मी त्याले मारलं." वकील त्याची बाही ओढत होते. त्यानं तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं, आणि ते लिहून घेतलं गेलं. पाचही जणांना शिक्षा झाली. त्याला जन्मठेप.

निकालानंतर कोर्टाच्या आवारात मुबीना संजीवनीजवळ आली. मोठा मुलगा सोबत होता. संजीवनी रडत होती. तिनं वाढवलेलं पोरगं नुकतंच पोलिसांच्या गाडीत चढलं होतं. मुबीनानं तिचा मोडका हात हातात घेतला.

"मावशी," ती म्हणाली, "त्याले मी माफ करीन का नाही, मले आज सांगता येत नाही. पन आता थे माझ्या हातात हाय. कालपर्यंत तुमचे लोक माझ्याबिगरच माफ करून मोकळे झाले होते."