लच्चीच्या हातांचा रंग

हिवाळ्यातलं दुपारचं ऊन आमच्या यवतमाळच्या गल्लीत असं सायीसारखं मऊ पसरायचं, की त्यात नुसतं बसलं तरी डोळ्यांवर गुंगी चढावी. कापसाची ती वाईट वर्षं होती. घराघरांत मोठी माणसं दबक्या आवाजात बोलत, आणि मूल जवळ आलं की विषय बदलत. लेकरांपासून दुःख लपवणं म्हणजेच माया, असं आम्हा सगळ्यांनाच वाटे.

अशाच एका तंद्रीभरल्या दुपारी माझी पाच वर्षांची मिठी आणि शेजारची लच्ची अंगणात खेळत होत्या. लच्चीची आई सरकारी दवाखान्यात नर्स. मुकुटबनकडच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीतून शिकून इथवर आलेली. फुगडीसाठी लच्चीनं हात पुढे केले आणि मिठी मागे सरली.

"मी नाही धरत. तुझा काळा रंग मले लागन."

लच्ची क्षणभर स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली. मग वळून घरी गेली.

मी मिठीला जवळ घेतलं. "असं बोलू नये, बेटा. सगळे सारखेच असतात."

"सारखे कुठी आहेत? ती काळी आहे ना!"

खरंच की! मुलांच्या निर्मळ डोळ्यांना रंग दिसणारच. पण त्या रंगांत उच्चनीचतेचं विष कोण कालवतं?

"काळं वाईट, हे कोणं सांगतलं तुले?"

"आत्यानं. उन्हात खेळली तं कोलामीण दिसशीन म्हणते."

विष घरातलंच होतं, आणि तेही लाडाच्या शब्दांतून, उटण्याच्या सुगंधातून हळुवार झिरपलेलं! आता मौन कसं परवडावं?

"लच्ची काळी आहे, हे खरं," मी म्हणाले. "रंग आईबापाकडून येते, तो कोणाले लागत नाही. पण काही लोक काळ्या माणसांना, कोलामांना कमी समजतात. ते चूक आहे. आत्याचंही चुकलं."

"मोठ्यायचं चुकते?"

"चुकते."

संध्याकाळी आम्ही लच्चीकडे गेलो. माझं बोलणं तिच्या आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, लहानपणी बाजारात मलेबी असंच म्हणलतं पोरायनं. मी घरी सांगतलंच नाही. वाटलं, आपलंच काही चुकलं असन." तिनं लच्चीच्या केसांवरून हात फिरवला. "हिनं आल्या आल्या सांगतलं."

"रंग लागत नाही म्हणते आई," मिठी पुटपुटली. "माझं चुकलं."

लच्ची लगेच विरघळली नाही. तिनं मिठीला बादलीपाशी नेलं, तिचं मनगट भिजवून खसाखसा घासलं आणि निरखून पाहिलं.

"तुझाबी निघत नाही," ती गंभीरपणे म्हणाली. मग मात्र दोघी खुदकन हसल्या.

दुसऱ्या दिवशी वन्सं ओसरीत आल्या, तेव्हा मिठीनं त्यांच्यासाठी बाजूला सरकून जागा केली.

"आत्या, बस. तुले एक सांगाचं आहे."

वन्सं दचकून माझ्याकडे पाहू लागल्या. मी पदराला हात पुसले आणि लेकीच्या शेजारी जाऊन बसले.