टोमॅटोच्या ड्रमात काय पडलं

त्या सकाळी ठाण्यात फौजदार साहेब, ठाणे अंमलदार, मी हवालदारबाई, तक्रार घेऊन आलेली टोमॅटोवाली बाई आन् तिचा दीर, एवढीच माणसं. नावं सांगत न्हाई. सातवी शिकून पोलिसात लागले, आता रिटायर होऊन घरी बसले, तरी ती तक्रार आठवती.

बाईचा नवरा गेलेला. चाकणच्या कंपन्यांमागं तिचं टोमॅटोचं रान, त्यावरच घर चालायचं. बुरशीनं रोपं मरायला लागली. कृषी सहायकानं जिवाणूंचं औषध दिलं. त्यातले जिवंत जिवाणू बुरशीला वाढू देत न्हाईत. बाईनं ते ड्रमात गुळाच्या पाण्यात रातभर ठेवलं, सकाळी रोपांच्या बुडाशी ओतलं. मर थांबली न्हाई, उलट रोपं करपली.

"ह्यानंच इख कालवलं," बाई म्हणाली. "ड्रम सामाईक विहिरीवर असतोय. बांधावरनं भांडण हाय, कैक वर्षं अबोला हाय."

दीर कंपनीत वॉचमन. गुन्हा दाखल झाला तर नोकरी जाणार. साहेबांनी विचारलं, तर खाली मुंडी.

अंमलदार म्हणाला, "काका, वैनीशी अबोला समजला. आमच्याशी पण व्हय?"



पंचनाम्याला बाई-दिराला घेऊन रानात गेलो. ड्रमाच्या तळाला पाणी उरलं होतं. साहेबांनी नमुना बाटलीत घेतला. मी बाईचा विळा राहिलेल्या पाण्यात धरला. पातं तांबूस झालं. माझ्या माहेरी बटाट्यावर फवारायचं औषध असंच बघायचे. पातं लाल झालं की मोरचूद, म्हंजी तांब्याचे निळे खडे, जास्त.

"दादा, मोरचूद तुमी टाकलं?"

तवा बोलला. "रोपं मरताना बघवंना. ही नुसतं गुळाचं पाणी घालतीय वाटलं. आमचा बाप मरीला मोरचूदच टाकायचा. म्हणून वंजळभर टाकलं."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"बोलत न्हाई ना आमी."

कृषी सहायकाला फोन लावला. तो म्हणाला, "मोरचुदानं बुरशीआधी जिवाणूच मेले, बाई. आन् एवढं मुळाशी गेल्यावर रोपं पण करपणारच."

बाईनं तक्रार मागं घेतली. रडली न्हाई. वाळलेली रोपं उपटायला बसली. दीर शेजारच्या सरीत वाकला. सरी संपता संपता ती वर न बघताच म्हणाली, "भाऊजी, परत ड्रमात हात घालायचा न्हाई."

"न्हाई घालत, वैनी."

आमी गाडीत बसलो.

माणसं वाईटपणा करत्यात तवा गप्प बसत्यात, हे नोकरीत रोज बघितलं. भलं करून गप्प बसलेला हा एकच. वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं हाय, जिवाणूंच्या औषधात मोरचूद घालू नका. आन् दुसऱ्याच्या ड्रमात काही टाकायचंच असलं, तर आधी त्याला हाक मारा.