दुखऱ्या पायावर सत्तर टक्के

सहा आठवडे मी दुखऱ्या पायावर वजन टाकून ताई-ची हा संथ चिनी व्यायाम केला. कुणी तसं सांगितलं नव्हतं. उलट डॉक्टरांनी बजावलं होतं, भार डाव्या पायावर, उजवा नुसता टेकवायचा. दोन महिन्यांत गुडघ्याची सूज उतरली तर ठीक, नाहीतर ऑपरेशन.

मोबाइलमधला शिकवणारा माझ्याकडे तोंड करून उभा राहायचा. सत्तर टक्के वजन डाव्या पायावर, तीस उजव्यावर, पाठ सरळ, कंबर सैल. मी त्याच्यासमोर आरशासारखा. ज्या बाजूचा त्याचा पाय वाके, त्याच बाजूचा माझाही. म्हणजे त्याचा डावा आणि माझा उजवा. आणि मी शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली आहे! दुखायचं. पण दुखतंय म्हणजे लागू पडतंय, असं मीच पोरांना सांगत आलो होतो.

सूज काही उतरेना. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं आणि गुरुवारपासूनच मला जेवण जाईना. बायकोसमोर पायजमा खाली ओढून बसायचो. जिन्यात गुडघा कट्‌कन वाजला की त्यावर मोठ्यानं खोकायचो. शेवटी वाटलं, सत्तरचे साठच पडत असतील. म्हणून बुलढाण्याहून उंद्रीला पुतण्याच्या धान्याच्या दुकानात गेलो. तिथं सोयाबीन मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे.

पुतण्या जेवायला घरी गेला होता. एक पाय काट्यावर, दुसरा तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवून मी गुडघे वाकवले. माझं वजन ब्याऐंशी किलो. काट्यावर सत्तावन्न. तंतोतंत! वजन बरोबर असेल, तर मग गुडघाच कामातून गेला.

पोत्यांच्या थप्पीवर बसून तंबाखू मळणारा हमाल बघत होता. माझाच विद्यार्थी. डावं-उजवं चुकायचा म्हणून मी त्याला मैदानाच्या चकरा मारायला लावायचो.

"काय करून राह्यले, सर?"

सगळं सांगितलं.

"दुखते कोणता?"

"उजवा."

"मंग काट्यावर कोणता हाय?"

मी खाली पाहिलं. कानशिलांवरून घाम निथळला.

"आता ऑपरेशन होईल का रे?" जणू तोच कापणार होता.

"मले काय मालूम? उतरा पयले." तो जवळ आला. "पाठीवर पोतं असलं का आमी आंधी रिकामा पाय ठेवतो. जमीन पक्की लागली का मंग वजन देतो. चाला, डावा ठेवा."

ठेवला. हळूहळू भार सरकवला. उजवा गुडघा वाजला नाही. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच! त्या आनंदात उजवा पाय उचलून, हात पसरून बगळ्यासारखा उभा राहायला गेलो आणि थेट पोत्यांवर जाऊन आदळलो. सोमवार पुन्हा डोळ्यांपुढे आला.

त्यानं मला उठवलं नाही. आधी माझ्याखालच्या पोत्याची शिवण चाचपली.

"सर, तुमच्यापेक्षा पोतं बरं. ठेवलं तिथं उभं तं राह्यते."