पाहुण्यांच्या हातचं ग्लुकोज

"मॅडम, याच्या तोंडाचा वास घ्या अन् मले लिहून द्या. म्हणजे मी मोकळा."

सुखदेवला दंडाला धरून माझ्या सेलूच्या दवाखान्यात आणणारे गृहस्थ त्याचे मालक होते, मधुकरराव. बोरच्या जंगलात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सी गाड्या त्यांच्या मालकीच्या. त्यातली एक सुखदेव चालवतो. दोघंही हिंगणीचे. मागे सुखदेवची बायको शालू उभी होती आणि तिच्या मागे, दाराच्या फटीत, बाकावरचे निम्मे पेशंट. मी आधी दार लावून घेतलं.

झालं होतं ते असं. पावसाळ्यात सफारी बंद राहते, तेव्हा मधुकररावांनी सकाळी जिप्सी धुवायला सुखदेवच्या अंगणात लावली. धुऊन झाल्यावर तो ती सावलीत घ्यायला बसला आणि सरळ शेजाऱ्याच्या तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगात घुसवली. कोणाला लागलं नाही. पण खाली उतरला तेव्हा पाय लटपटत होते, शर्ट घामानं चिंब, आणि बोलणं जड. मालकाला त्यानं "कोण तुम्ही?" असं विचारलं. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे प्यालेला माणूस कसा दिसतो ते इथे सगळ्यांना नीट माहीत असतं. मधुकररावांनी निदान जागेवर केलं, आणि सेलूला निघेपर्यंत ते हिंगणीच्या बसस्टॉपपर्यंत पोचवलंही होतं.

"मी नाई पेलो, मॅडम. लेकरायची शपथ."

"मंग गाडी काय तुराट्या खायाले गेलती?" मधुकरराव म्हणाले.

मी वास घेतला. दारूचा नव्हता. बोटातून थेंबभर रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर साखर पाहिली. एकशे वीस. अगदी ठीक.

"पाहा. शुगर बराबर आहे, म्हणजे बिमारी नाई," मधुकरराव म्हणाले. "ऑक्टोबरात गेट उघडते. सहा पॅसेंजर बसवून मी असा माणूस जंगलात पाठवू? दुसरा ड्रायव्हर पाहून ठेवलाय मी."

शालू खाली पाहत होती. त्या घरात शेती नाही. जिप्सी हीच त्यांची शेती.

रिया, कबीर, माझ्या नातवंडांनो, आता थोडं मागे जाते, नाहीतर तुम्हाला पुढचं कळणार नाही.

सुखदेवला आधीपासून डायबेटिस होता, सौम्य. एका गोळीवर भागत होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो वाईट आजारी पडला. ऑक्सिजन लागला, मोठ्या हॉस्पिटलात राहावं लागलं, स्टिरॉइड द्यावं लागलं. स्टिरॉइड हे औषध फुप्फुसांची सूज आवरतं, त्यानं त्या काळात पुष्कळ जीव वाचले. पण त्याची एक किंमत असते. ते साखर वर चढवतं, आणि आधीच डायबेटिस असेल तर फारच. म्हणून सुखदेव इन्सुलिनवर घरी आला, सकाळ-संध्याकाळ. पुढे औषधं सांभाळण्याचं काम माझ्याकडे आलं.

अशा पेशंटचा एक ठरलेला रस्ता असतो. स्टिरॉइड हळूहळू कमी होऊन बंद होतं, त्यामागोमाग साखर उतरते, आणि साखरेमागोमाग आपण इन्सुलिन उतरवायचं. सुखदेवचं स्टिरॉइड बंद झालं, पण साखर उतरेना. उपाशीपोटीची ठीक यायची. दुपारनंतरची साडेतीनशेच्या घरात. स्टिरॉइड चालू असताना असं चित्र दिसतं. बंद होऊन इतके दिवस लोटल्यावर दिसू नये.

मी विचारायचं ते सगळं विचारलं होतं. साखर? बंद. गूळ? बंद. आंबा? "घरात आणलाच नाई." चहा? "बिनसाखरेचा, मॅडम. कडू जहर." ज्वारीची भाकर, वरण, भाजी. शालूच्या शिस्तीबद्दल मला शंका नव्हती, ती इन्सुलिनची सुई माझ्या कंपाउंडरपेक्षा सरळ टोचायची. साखर वर आहे म्हटल्यावर मी सकाळचा डोस वाढवला. तरी वरच, म्हणून आणखी वाढवला.

आता त्या दिवशीच्या केबिनमध्ये परत येऊ. घाम, लटपट, जड जीभ, ओळख न पटणं. हे साखर खूप खाली गेल्याचं लक्षण, त्याला आम्ही हायपो म्हणतो. मेंदूला साखर पोचत नाही आणि माणूस प्यालेल्यासारखा वागतो. पण मीटर एकशे वीस दाखवत होतं. म्हणजे तुराट्या आणि माझं टेबल यांच्यामध्ये काहीतरी घडलं होतं.

"शालू, घरून निघायच्या आधी याला काही दिलंस का खायला?"

"खायाले काईच नाई, मॅडम. नुसतं ग्लुकोज पाजलं. रोजच्यासारखं."

"रोजच्यासारखं?"

आपण काही चुकीचं बोललो की काय, अशा नजरेनं तिनं सुखदेवकडे पाहिलं.

"ताकदीचं ग्लुकोज हो, मॅडम," सुखदेवनंच सांगितलं. "मेडिकलमधे भेटते ते. पाव्हणे घेऊन येतात."

"मी विचारलं होतं, गोड काय खातोस."

"ते खाणं थोडीच होय. ते तं औषध आहे."

मेडिकलमधून आलेली वस्तू औषध, किराण्यातून आलेली वस्तू खाणं. आपल्याकडे ही विभागणी पक्की आहे. डब्यात मात्र शुद्ध साखर असते, तीही सर्वांत भरभर रक्तात जाणारी.

मी एकेक विचारत गेले. सुखदेव आजारातून उठला तेव्हा सुरुवातीला त्याच्या घराकडे कोणी फिरकलं नव्हतं. दूधवाला भांडं फाटकाबाहेर ठेवून जायचा. सख्खा चुलतभाऊ रस्त्याच्या पलीकडून हाक मारून तब्येत विचारायचा. मग हळूहळू लोकांची भीती गेली आणि सगळं गाव भेटायला आलं. उन्हाळ्यात शेतात काम नसतं, त्यामुळे दिवसभर रांग. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत. ज्याच्या त्याच्या हातात ग्लुकोजचा डबा. आणि डबा ठेवून जायचं नसतं, तिथंच फोडायचा, पेल्यात चांगलं दाट कालवायचं आणि आपल्या हातानं आजाऱ्याला पाजायचं.

"नको म्हणता आलं नाही?"

सुखदेव म्हणाला,

"मॅडम, जे लोक माह्या फाटकाले हात लावत नव्हते, ते बाजूले बसून आपल्या हातानं पाजून राह्यले. मी कसा नाई म्हणू? नाई म्हटलं तं ते म्हणतीन, याले अजून आहे."

मी पुढचा प्रश्न विचारला.

"आज सकाळी कोण कोण आलं होतं?"

"आज कोणीच नाई," शालू म्हणाली. "कालही नाई. पेरण्या लागल्या ना."

कोडं सुटलं. मी वाढवलेलं इन्सुलिन सुखदेवच्या भाकरीसाठी नव्हतंच, ते पाहुण्यांसाठी होतं. पाहुणे शेतात गेले, इन्सुलिन मात्र वेळेवर आलं. त्यात सकाळी उन्हात गाडी धुण्याचे कष्ट. साखर खाली गेली, गाडी तुराट्यात गेली, आणि शालूनं अशक्तपणा समजून नेहमीचा पेला पाजला म्हणून तो शुद्धीवर माझ्यासमोर बसला होता.

मी मधुकररावांकडे वळले. "दारू ग्लुकोजनं उतरत नाही. हा प्यायलेला असता तर अजून तसाच असता."

"मॅडम, दोन डबे तं मीच नेलते," ते म्हणाले. "मोठेवाले. संत्र्याचे."

"कोणी पाजलं?"

"मीच ना."

सुखदेव पहिल्यांदा हसला. "चमच्यानं ढवळत बी नव्हते, मॅडम. तळचं चाटून घे म्हणत."

काम तीन भागांचं होतं. पहिला माझा. सकाळचं इन्सुलिन त्याच दिवशी निम्म्यावर आणलं आणि शालूला घरच्या मीटरवर साखर कधी कधी पाहायची ते ठरवून दिलं. दुसरा शालूचा. डबे कपाटात, आणि माठाजवळ लिंबू-मिठाचं पाणी तयार. ज्याला हातानं पाजायचं त्यानं ते पाजावं, त्याला ना नाही. तिसरा भाग मी मधुकररावांना दिला.

"सकाळी बसस्टॉपवर तुम्ही काय सांगून आलात?"

"ते जाऊ द्या ना आता."

"जाऊ नाही देणार. तिथंच परत जायचं आणि दोन गोष्टी सांगायच्या. सुखदेव प्यालेला नव्हता, आणि त्याला ग्लुकोज पाजायचं नाही."

"लोक म्हणतीन, मधुकर सकाळी एक बोलते अन् दुपारी एक."

"म्हणू द्या. आणि दुसऱ्या ड्रायव्हरला थांबायला सांगा."

"किती थांबू? इन्सुलिनवाल्याले फिटनेस देता काय तुम्ही?"

प्रश्न बरोबर होता. "आज नाही देत," मी म्हटलं. "इन्सुलिन सुटलं, गोळ्यांवर साखर ठरली, तर सही करीन. नाही ठरली तर करणार नाही, तुम्ही दोघं मिळून आलात तरी."

सुखदेवनं मान हलवली. हे त्याला मान्य होतं असं नाही, पण समजलं होतं.

पुढचं सांगण्यात फारसा रस नाही, कारण ते जसं व्हायला हवं तसं झालं. पाहुण्यांचं ग्लुकोज थांबल्यावर दुपारची साखर उतरली. इन्सुलिन पायरीपायरीनं कमी केलं, पोळ्याच्या सुमारास बंद केलं. तो आपल्या जुन्या गोळीवर परतला, सोबत एक नवी. सफारीचं गेट उघडायच्या आधी मी फिटनेसवर सही केली. मधुकररावांनी तो कागद घडी न करता नेला.

त्यानंतर माझ्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर पडली. काय खाता, हे विचारून झाल्यावर मी विचारते, "घरी भेटायला कोण येतं आणि काय घेऊन येतं?" माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या डॉक्टरांना हा म्हातारीचा चौकसपणा वाटतो. डोस लिहिण्याआधी त्याचं उत्तर घ्यावं, एवढंच मी त्यांना सांगते.

उरलेल्या डब्यांचं काय केलं, असं मी शालूला पुढे एकदा विचारलं. एक जिप्सीत ठेवलाय म्हणाली, कधी कोणाला चक्कर आली तर. आणि एक कारंजाला भावाकडे नेला, त्याला डेंग्यू झाला होता तेव्हा.

मी चष्म्यावरून पाहिलं.

"पाहून काऊन राह्यल्या, मॅडम?" ती म्हणाली. "पह्यले त्याची शुगर पाह्याले लावली. मंगच फोडला."