नातेवाइकाचा मोबाइल नंबर
परवा एका दवाखान्यात फिनेलचा वास आला आणि धुळ्यातलं डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर आठवलं. जळगाव सोडून मी तिथे खोली घेऊन एकटाच राहत होतो. शिबिराच्या नोंदणीची वेबसाइट माझीच. पेशंटच्या नोंदीच्या कोडमध्ये मीच एक तपासणी लिहिली होती: नातेवाइकाचा मोबाइल नंबर रिकामा चालणार नाही, दहा आकडे हवेतच. साक्रीकडची एक म्हातारी अक्का नोंदणीच्या टेबलावर माझ्यासमोर बसली. रकाना रिकामा म्हणून फॉर्म पुढे सरकेना. "अक्का, घरच्या कोणाचा नंबर टाकू?" मी विचारलं. "मनं कोणीच नही शे, भाऊ. तुनाच टाकी दे." मागे रांग होती, मी माझा टाकला. तिसऱ्या दिवशी दुपारी शिबिरातून फोन आला, "तुमच्या पेशंटला घेऊन जा." 'तुमच्या' ऐकून मी हातातलं काम ठेवून दिलं. गेलो. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या अक्काने माझा हात धरला, तो साक्रीच्या बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही. खोलीवर येऊन मी कोडमधली ती तपासणी काढून टाकली. नंबर नसला तरी नोंद होईल असं केलं. अक्काच्या नोंदीतला माझा नंबर मात्र तसाच राहू दिला. पुढे गावं बदलली, नोकऱ्या बदलल्या. साक्रीहून कधी फोन आला नाही, पण तो नंबर मी अजून बदललेला नाही.