खोलीचा केसपेपर

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना सिस्टरबाईच म्हणायची. वॉर्ड सुटला होता, सवय सुटली नव्हती. जे दिसलं ते लिहायचं, वेळ घालायची आणि खाली सही करायची.

वरची खोली चार महिने रिकामी होती. महिनाअखेर भाडेकरू मिळाला नाही, तर घर विकून आईला आपल्याकडे न्यायचं, असं मुलाने परस्पर ठरवून टाकलं होतं. सून चांगली होती, पण दुसरीच्या स्वयंपाकघरात विचारून चहा टाकायचा, हे सिस्टरबाईंच्या जिवावर येत होतं.

त्यातच भाड्याच्या घरांसाठी सरकारचा नवा नियम आला. खोली मागायला येणाऱ्याकडून अर्जाची फी उकळायची नाही; चौकशीला लागेल तेवढाच खर्च घ्यायचा, तोही पावती देऊन. आणि त्याआधी घरातले दोष लिहून द्यायचे. दलाली करणाऱ्या भाच्याने कोरा फॉर्म आणून दिला. "मावशी, 'किरकोळ दुरुस्ती' एवढं लिही आणि मोकळी हो."

मावशींनी मागे दोन पानं जोडली. उत्तरेची भिंत: ओल, पावसाळ्यात वाढते. नळ: सकाळी सातनंतर धार बारीक. जिन्याची तिसरी पायरी: वाजते. शेजारचे आजोबा: पहाटे चारपासून खोकतात, गंभीर नाही.

भाच्याने कपाळाला हात लावला. "खोली भाड्याने द्यायचीय की ॲडमिट करायचीय?"

पहिली दोन कुटुंबं ते वाचून जिन्यावरूनच परतली. मग आली बस चालवणारी एक बाई, एकटी, ड्यूटीच्या कपड्यांतच. तिने दोन्ही पानं उभ्याउभ्या वाचली, भिंतीला हात लावून पाहिला, मग खाली जाऊन तिसऱ्या पायरीवर मुद्दाम पाय दिला. वाजली.

"सात ठिकाणी फी भरली, काकू. एकाचाही फोन आला नाही. आणि घराचं विचारलं की सगळे म्हणणार, काही प्रॉब्लेम नाही."

"इथे आहेत."

"दिसतंय ना. पलंग दक्षिणेला लावते. पाणी मी साडेचारलाच भरते, आणि आजोबा असताना गजर कशाला?" तिने पान उलटून पाहिलं. "मालकिणीचं काहीच लिहिलं नाहीत?"

सिस्टरबाईंनी पेन काढलं. मालकीण: झोप सावध, पायरी वाजली की जाग येते. वेळ, सही.

बाईने त्याखाली आपली सही केली.

संध्याकाळी मुलाला फोन गेला, घर विकायचं राहू दे म्हणून. तो म्हणाला, "बरं, रविवारी येऊन ती पायरी तरी ठोकून देतो."

"नको, वाजू दे," सिस्टरबाई म्हणाल्या. "चहा कधी टाकायचा ते कळतं."